भैरवनाथ पॅकेजिंगचे आधारस्तंभ

"सोपानराव, तुमच्या वेबसाईटवर त्या गोऱ्या बाई कोण आहेत?"

धनेश साहेबांनी फोनवर असं विचारलं तेव्हा सोपानराव शेडमध्ये खुर्ची टाकून शेंगदाणे खात बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. समोर शालनबाई जेवणाचा डबा उघडत होत्या. आपल्या नवऱ्याला कोणीतरी भर दुपारी गोऱ्या बाईबद्दल विचारतंय म्हटल्यावर त्यांनी झाकण हातात तसंच धरलं आणि कान टवकारले.

"कुठल्या बाई, साहेब?"

"हेडफोन लावलेल्या. हसतायत. खाली लिहिलंय, 'आमची टीम'."

"हां, त्या व्हय!" सोपानरावांचा जीव भांड्यात पडला. "त्या वेबसाईटबरोबरच आल्या होत्या."

ते खोटं नव्हतं. भैरवनाथ पॅकेजिंगची वेबसाईट आठेक वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिली होती, आणि तिच्यावर बाई, हस्तांदोलन करणारे दोन हात आणि एक निळी पृथ्वी असा ऐवज आयताच होता. सोपानरावांनी ती दोनदाच पाहिली होती. एकदा तयार झाली तेव्हा, आणि एकदा मुलाच्या लग्नाआधी व्याह्यांना दाखवायला. व्याही म्हणाले होते, "पृथ्वी छान आहे." त्यानंतर तिकडे कोणी फिरकलं नव्हतं.

"हे बघा," धनेश साहेब म्हणाले, "आमचे जर्मनीचे लोक कोणाकडून माल घ्यायच्या आधी त्याची वेबसाईट उघडतात. त्यांना तिथं खरी माणसं दिसली पाहिजेत. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण कोणाशी तरी बोलतोय. सोमवारी ते बघणार आणि बुधवारी मी शेड बघायला येणार. तेवढी नवीन करून घ्या."

धनेश साहेब चाकणच्या एका जर्मन कंपनीत होते आणि कोणाकडून काय घ्यायचं हे ठरवणाऱ्या खात्यात होते. ही कंपनी मोठी यंत्रं बनवून बोटीने परदेशी पाठवायची, आणि त्या यंत्रांना लाकडी पेट्या लागायच्या. सोपानराव लाकडी पेट्या बनवायचे. एवढं सरळ होतं. पण ते काम मिळणं आता नुसतं बरं राहिलं नव्हतं, गरजेचं झालं होतं. भैरवनाथचं जुनं गिऱ्हाईक लाकूड सोडून लोखंडी पिंजऱ्यांकडे वळलं होतं. ते पिंजरे जातात आणि परत येतात, पेटीसारखे एकदा वापरून मोडत नाहीत. तेव्हापासून शेडमध्ये आठवड्यातले तीनच दिवस ठोकाठोक व्हायची. उरलेले दिवस कारागीर जुने खिळे सरळ करत बसायचे, आणि त्यातल्या दोघांनी गावाकडे परतायची भाषा सुरू केली होती. कारागीर गेले की शेड म्हणजे चऱ्होलीच्या शिवारातला एक पत्रा, हे सोपानराव जाणून होते. त्यांना हल्ली जेवण जात नव्हतं. शेंगदाणे तेवढे जायचे.

वेबसाईटचं काम पूनमकडे आलं. पूनम त्यांची सून, रहाटणीची. लग्नाआधी ती हिंजवडीला याच कामात होती. तिने दोन दिवस शेडमध्ये फिरून फोटो काढले. रंध्यावर झुकलेला कारागीर, पेटीत उतरणारं यंत्र, भुशाने माखलेले हात. मग ती सासऱ्यांसमोर बसली.

"आप्पा, तुम्ही पेट्या का बनवता?"

"पोटासाठी."

"ते झालंच. पण बघणाऱ्याला काय सांगाल?"

"काय सांगायचं? मशीन महिनाभर समुद्रात हेलकावे खातं बिचारं. तिथं त्याला कोण इचारतं? म्हणून आपण हितनंच नीट बांधून द्यायचं. लेक सासरी धाडतो तसं."

पूनमने ते जसंच्या तसं लिहिलं आणि वर त्यांचा कामाच्या शर्टातला फोटो लावला. वेबसाईट उघडली तेव्हा आपण असं काही बोललो यावर सोपानरावांचा विश्वास बसेना. पण वाचून त्यांना भरून आलं, त्यामुळे बोललो असू, असं त्यांनी मान्य केलं. कुरकुर होती ती फक्त फोटोबद्दल.

"त्यापेक्षा रावेतच्या लग्नातला टाक की. फेट्यातला. गॉगल हाय बघ."

"आप्पा, त्यात तुम्ही निवडणुकीला उभे राहिल्यासारखे दिसता."

सोपानरावांना ही स्तुती वाटली. पण सून ऐकेना, म्हणून त्यांनी नाद सोडला.

इथवर सगळं उत्तम चाललं होतं. चांगलं चाललेलं बिघडवायला माणसाला फार अक्कल लागत नाही, जवळची पुरते. त्या संध्याकाळी सोपानरावांना आनंद आवरेना आणि त्यांनी वेबसाईटची लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आपली नवीन वेबसाईट. सर्वांनी बघावी.'

आता हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण सोपानराव या शास्त्रातले दर्दी होते. मोशीपासून आळंदीच्या रस्त्यापर्यंत असा खांब नाही ज्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स नाही, आणि असा फ्लेक्स नाही ज्यावर तळाला शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग नाही. त्या रांगेत कोण कोणाच्या वर, कोणाचं डोकं केवढं, कोण कडेला आणि कोण मधोमध, यावर इथं बोलणी मोडलेली आहेत आणि जुळलेलीही. सोपानराव स्वतः पुतण्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तिसऱ्या ओळीत आले म्हणून महिनाभर त्याच्या दारावरून मान फिरवून जात होते. भावकीतल्या माणसाला नुसतं एखादं चित्र दाखवता येत नाही. तो त्यात आधी स्वतःला शोधतो. सापडला नाही, की मग उरलेले किती आणि कोण, ते मोजतो.

ग्रुपवर सगळ्यांनी लिंक पाहिली. कोणीही काही बोललं नाही. ज्या ग्रुपवर नुसत्या 'शुभ सकाळ'ला तीस नमस्कार येतात, तिथं ही शांतता चांगली नव्हती. पण सोपानरावांना वाटलं, लोक वाचतायत.

सकाळी रविराजचा, म्हणजे मुलाचा, फोन आला. "आप्पा, टेम्पो बाहेर निघंना. रस्त्यात हिंदुराव काकांची ट्रॉली उभी हाय. शेणखताची."

शेडकडे येणारा रस्ता हिंदुरावांच्या रानातून जायचा. दुसरा रस्ता नव्हता. हिंदुराव सोपानरावांचे थोरले चुलत भाऊ. बोलायला मोजके, आणि रागावले की त्याहून मोजके. सोपानराव धावत त्यांच्या ओट्यावर गेले. हिंदुराव तंबाखू मळत बसले होते.

"दादा, ट्रॅक्टर?"

"बंद पडलाय."

"मेकॅनिक बोलावू का?"

"बस. चहा घे."

चहा झाला. पावसावर बोलणं झालं, जमिनीच्या भावावर झालं, कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर झालं. सोपानराव मनात टेम्पोचे तास मोजत होते. अखेर हिंदुरावांनी तंबाखू दाढेला लावली.

"वेबसाईट बरी केलीय तू."

"सूनबाईनं केली."

"व्हय. सगळे हायेत तिच्यात. तू हायेस. रविराज हाय. ते सुतार हायेत, कुठल्या कुठल्या गावचे." त्यांनी बाजूला पिंक टाकली. "आमी न्हाई. ते एक बरं केलं. आमाला कुठं काय कळतंय त्यातलं."

सोपानरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते उठले, थेट शेडमध्ये आले आणि पूनमपुढे उभे राहिले.

"हिंदुरावदादांचा फोटो लाव."

"आप्पा, ते पेट्या कुठं बनवतात?"

"त्यांच्या रानातनं पेट्या जात्यात."

पूनमने हिंदुरावांचा फेट्यातला फोटो लावला. खाली काय लिहायचं हा प्रश्न आला, तेव्हा सोपानरावांनीच 'मार्गदर्शक' सुचवलं, आणि मार्ग त्यांच्याच रानात असल्यामुळे ते अगदी खोटंही नव्हतं. लिंक परत ग्रुपवर गेली. ती जाऊन चहा निवला नसेल तोवर तिकडे ट्रॅक्टरचा आवाज आला. मेकॅनिकशिवाय चालू झाला होता.

सोपानरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तोच त्यांचा फोन वाजू लागला, आणि मग तो दोन दिवस वाजतच राहिला.

"सोपान, हिंदुराव मार्गदर्शक, मग आमी कोण? शेडचं भूमिपूजन कोणाच्या हातनं झालंतं, इसरलास?" हे भावकीतलेच रंगराव होते. खरं होतं, नारळ त्यांनीच फोडला होता. रंगराव 'आधारस्तंभ' झाले. त्यांच्या धाकट्या भावाने शेडला बोअर मारताना पाण्याची जागा दाखवली होती, पाणी लागलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. तोही आधारस्तंभ झाला. एकाने लाईटचं मीटर मिळवून दिलं होतं. एकाने, स्वतःच्याच म्हणण्याप्रमाणे, शेड होऊ नये म्हणून अर्ज करायचा होता तो केला नव्हता. त्यालाही वगळता येईना. तरण्या पोरांचे फोटो आले ते सगळे एकाच अवस्थेतले. डोळ्यावर गॉगल, कानाला फोन, नजर क्षितिजाकडे. जणू सगळी चऱ्होली एकाच वेळी कोणाशी तरी महत्त्वाचं बोलतेय.

"आप्पा, निदान नावाच्या अक्षराप्रमाणे लावूया," पूनम काकुळतीने म्हणाली. "म्हणजे कोणी वर-खाली होणार नाही."

"अक्षराप्रमाणं? अंकुश पहिला येईल! त्याचं न् हिंदुरावदादांचं बांधावरनं कोर्टात चाललंय!"

"मग वयाप्रमाणे?"

"रंगराव म्हणतो तो मोठा. त्याची बहीण म्हणती हिंदुरावदादा मोठे. दोघांच्या जन्माचा दाखला न्हाई."

पूनमने सगळ्यांचे चेहरे सारख्या आकाराच्या गोलात बसवले. ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला. हिंदुरावांचा गोल मोठा केला. ट्रॅक्टर चालू झाला, पण रंगरावांनी जेवण सोडल्याची बातमी आली. रंगरावांचा थोडा मोठा केला. मग चिमाबाई आल्या. या सोपानरावांच्या चुलत्या, ऐंशीच्या पुढच्या, आणि त्या फोन न करता स्वतः काठी टेकत शेडपर्यंत आल्या. पदराखालून त्यांनी हार घातलेली तसबीर काढली.

"आमच्यांचा बी लाव बाळा. ते असते तर तुला आशीर्वाद दिला असता."

ते असताना त्यांनी सोपानरावांना कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. पण चिमाबाईंपुढे हे बोलायची छाती कोणाची? चुलते 'प्रेरणास्थान' झाले, हारासकट.

रविवारी संध्याकाळी शालनबाईंनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वेबसाईट खाली खाली सरकवत नेली. चाळीस-बेचाळीस चेहरे गेले.

"आवो, पण यात पेट्या कुठायत?"

"खाली आहेत, आई," पूनम म्हणाली. "बरंच खाली जावं लागतं."

"आन् सुतार?"

पूनमने सासऱ्यांकडे पाहिलं. कारागिरांचे फोटो जागेअभावी शनिवारीच काढावे लागले होते. सोपानराव शेंगदाणे सोलू लागले. वेबसाईट आपली, पेट्या आपल्या, आणि तिच्यावर कोण राहणार हे ठरवतोय एक ट्रॅक्टर, हे त्यांना कळत होतं. पण ज्या माणसाला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी भावकीत 'नाही' म्हणता येत नाही, त्याला ते एका आठवड्यात कुठून जमणार? त्यांनी स्वतःचीच समजूत घातली की जर्मन लोकांना एवढी माणसं पाठीशी आहेत हे पाहून बरंच वाटेल.

सोमवार आला आणि गेला. जर्मनीहून काही निरोप नाही. धनेश साहेबांना फोन केला तर ते "बुधवारी बोलू" एवढंच म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज डॉक्टर रिपोर्ट बघून काढतात तसा होता.

बुधवारी सकाळी सोपानराव शेडवर पोहोचले तेव्हा त्यांना वाटलं, चुकून कोणाच्या तरी साखरपुड्याला आलो. रविराजच्या तोंडून साहेबांच्या भेटीची बातमी फुटली होती, आणि हिंदुरावांनी हुकूम सोडला होता की ज्यांचे ज्यांचे फोटो आहेत त्या सगळ्यांनी हजर राहायचं, भावकीची शोभा आहे. सगळे फेटे बांधून आले होते. पेट्यांच्या फळ्यांवर बैठक जमली होती. खिळे ठोकायच्या नेलगनच्या टेबलावर पानसुपारी मांडली होती. कारागीर आपल्याच शेडच्या बाहेर, उन्हात उभे होते, कारण आत उभं राहायला जागा नव्हती.

ते पाहून सोपानरावांना खरोखर लाज वाटली. गावाकडे जायची भाषा करणाऱ्यांपैकी एक कारागीर त्यांना पाहून नुसता हसला, तेव्हा तर अधिकच.

धनेश साहेबांची गाडी आली. हिंदुराव नारळ घेऊन पुढे झाले. साहेबांना शाल घातली गेली, फेटा बांधला गेला, आणि फोटो निघाला, त्यातही थोडी ढकलाढकली झाली. पस्तिशीचा, चष्मेवाला, पाठीला बॅग लावलेला तो माणूस फेट्यातून चहूकडे बघत राहिला. मग त्याने सोपानरावांना आणि पूनमला कोपऱ्यात घेतलं.

"सोपानराव, हे कोण आहेत सगळे?"

"वेबसाईटवरचे."

"वेबसाईट!" साहेबांनी कपाळाला हात लावायचा प्रयत्न केला, पण मध्ये फेटा होता. "सोमवारी तिकडे ती उघडलीच नाही. इतके जड फोटो! वरून एक चेहरा यायला लागला आणि अडकला. त्यांनी मला विचारलं, हे काय आहे? मी बघितलं. फेट्याचा तुरा होता."

"दादांचा," सोपानराव पुटपुटले.

"मी कसंबसं त्यांना परत बघायला तयार केलंय. आज, आपल्या चहाच्या वेळेला. आज नाही उघडली, तर त्यांच्या यादीत पुढचं नाव आहे. मग माझ्या हातात काही नाही."

"मी पाच मिनिटांत काढते," पूनम म्हणाली. "पहिली चांगली वेबसाईट तशीच ठेवलीय मी. सगळे फोटो उडवायचे, ती लावायची."

सोपानरावांनी शेडकडे पाहिलं. चाळीसभर फेटे त्यांच्याकडे बघून हसत होते. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता.

"साहेब, फोटो काढले तर काम मिळंल. पण पेट्या भाईर कशा काढू? आन् काम न्हाई मिळालं तर ही चार सुतार माणसं जात्यात. मग फोटो ठेवून तरी काय करू?" त्यांनी फेट्यांकडे पाठ केली. "आमचंच चुकलं. आमाला न्हाई म्हणता येत न्हाई."

धनेश साहेबांनी चष्मा पुसला, फेटा नीट केला, आणि ते एका उपड्या पेटीवर चढून उभे राहिले.

"मंडळी, इतकी मोठी मंडळी भैरवनाथ पॅकेजिंगच्या मागे उभी आहेत हे बघून कंपनीला आनंद झाला." टाळ्या पडल्या. "आता आमच्या कंपनीचा नियम सांगतो. वेबसाईटवर ज्याचा फोटो, त्याची जबाबदारी. पेटी बंदरात फुटली, यंत्र ओलं झालं, तर जर्मनीहून फोन येतो. फोटोतल्या प्रत्येकाला येतो. आणि त्यांच्याकडे कामाचे तास संपतात तेव्हा आपल्याकडे लोक झोपलेले असतात, पण फोन उचलावा लागतो. नुकसान झालं तर भरपाईत सगळे वाटेकरी. सारखे. मग आता एकेकाने पुढे या, नाव आणि नंबर सांगा."

वाटेकरी हा शब्द भावकीने जन्मभर आनंदाने ऐकला होता. तो असा उलट्या बाजूने येईल याची कोणाला कल्पना नव्हती. कोणी पुढे आलं नाही. कोणीतरी खोकलं.

पहिल्यांदा गॉगलवाली पोरं उठली. त्यांना एकाच वेळी फोन आले आणि फोन कानाला लावून ती बाहेर गेली, ती परतली नाहीत. मीटर मिळवून देणाऱ्याला आठवलं की गोठ्यात म्हैस अडलीय. अर्ज न केलेल्या माणसाने स्वच्छ सांगितलं, "माझा काढा बुवा, मी कुठं काय केलंय?" रंगराव आधारस्तंभ होते, ते खांबाच्या आडून निघाले. जाता जाता प्रत्येकजण पूनमच्या कानाशी वाकून तेच सांगत होता, आणि पूनम "हो काका, हो काका" करत मोबाईलवर बोटं चालवत होती. खरं सांगायचं तर या गडबडीत एकदा सोपानरावांच्याही ओठावर आलं होतं, 'माझा बी काढ.' सूनबाईने पाहिलं म्हणून ते गप्प बसले.

शेवटी हिंदुराव उरले. मान आणि भीती यांच्यात त्यांची चांगलीच ओढाताण चालली होती, ती मिशीवर दिसत होती.

"दादा, तुमचा नंबर सांगू का?" सोपानरावांनी विचारलं. इतकं धीट वाक्य ते भावासमोर प्रथमच बोलले.

"सोपान," हिंदुराव उठत म्हणाले, "धंदा तुझा हाय. आमी मनानं मार्गदर्शन करू. त्याला फोटो कशाला लागतोय?" मग दारातून परत वळून, जरा चिडून, "आन् ते पोरांना सांग, माझा ट्रॅक्टर काय बंद पडत न्हाई."

शेडमध्ये फक्त चिमाबाई बसून होत्या, मांडीवर तसबीर घेऊन. साहेब पेटीवरून उतरून त्यांच्याजवळ वाकले.

"आजी, तुमच्या मालकांचा फोटो काढूया ना?"

"राहू दे," चिमाबाई म्हणाल्या. "जिते होते तवा कशाची म्हणून जबाबदारी घेतली न्हाई. आता तरी घिऊ द्या."

त्यांचा फोटो राहिला, आणि पूनमने पहिली वेबसाईट कारागिरांसकट परत लावली. कारागीर आत आले आणि त्यांनी न बोलता पानसुपारीचं तबक बाजूला सारून नेलगन उचलली. साहेबांनी पेट्या तपासल्या, एका पेटीवर चढून उड्या मारल्या, कोपरे ठोकून बघितले, लाकडाला कीड नसल्याचे शिक्के वाचले. पेटी हलली नाही. चहाच्या वेळेला त्यांचा फोन वाजला. इंग्रजीत बराच वेळ बोलणं झालं. सोपानराव त्यातले शब्द पकडायचा प्रयत्न करत होते आणि शालनबाई त्यांचा दंड पकडून होत्या.

"उघडली," साहेब फोन ठेवून म्हणाले. "लेक सासरी धाडल्यासारखी, ते वाक्य त्यांना फार आवडलं. पहिल्या खेपेच्या पेट्या तुमच्याकडून." आणि मग हसून, "हार घातलेले गृहस्थ कोण, असं विचारत होते. मी सांगितलं, सगळी जबाबदारी घेतलेले तेवढे एकच आहेत."

सोपानरावांच्या डोळ्यात पाणी आलं. ते त्यांनी भुशावर ढकललं. कारागिरांकडे वळून त्यांनी नुसता हात वर केला. गावाकडे जायची भाषा करणाऱ्याने दोन खिळे तोंडात धरले होते, तरी तो हसलेला कळला.

साहेबांना सोडायला ते गाडीपर्यंत गेले. ट्रॅक्टर तिथं नव्हता.

"साहेब, एक इचारू? तो नियम... खरंच फोटोतल्या समद्यांना फोन येतो?"

धनेश साहेबांनी मागे कोणी नाही ना ते पाहिलं. मग फेटा काढून गाडीच्या टपावर ठेवला, आणि त्यांच्या तोंडून जी भाषा आली ती कंपनीची नव्हती.

"कशाचा नियम, आप्पा! अवो मी चिखलीचा. आमाला बी भावकी हाय. धाकटा भाऊ हाटेल काढतोय, बोर्डावर आतापर्यंत सतरा नावं झाल्यात, हाटेलाचं नाव लिवायला जागा न्हाई. मी सांगून दमलो. पर घरच्या माणसाचं कोण ऐकतंय?" त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "रविवारी बैठक हाय आमच्यात. मला सुचलं ते आत्ता पेटीवर चढल्यावरच. तुमी येता का? कोट घालून? बँकेचे साहेब म्हणून. नियम तेवढा कडक आवाजात सांगायचा, बोर्डावर ज्याचं नाव तो कर्जाला जामीन. बाकी मी बघतो."

ज्या माणसाने आज आपली शेड वाचवली, त्याला नाही कसं म्हणायचं? शिवाय नाही म्हणणं सोपानरावांना येतही नव्हतं.

"येतो की, त्यात काय," ते म्हणाले. मग त्यांनी गाडीच्या टपावरचा फेटा उचलला, त्याचा तुरा उगाच सरळ केला, आणि जरा लाजत विचारलं, "पर साहेब, बँकेचे साहेब म्हणून आलो, तर बोर्डावर माझं नाव कितव्या नंबराला येईल?"